पदाविना विदुषी : होप एमिली ॲलन

उर्दूत 'मन्सूब' असा एक शब्द आहे. एखादी गोष्ट कुणाच्या तरी नावाशी जोडलेली असली की ती त्याच्याशी मन्सूब आहे, असं म्हणतात. मराठीत आपण 'अमक्याच्या नावावर आहे' असं म्हणतो, सातबाऱ्यावर जमीन असावी तसं. आणि जमीन नावावर असणं वेगळं, खरोखर त्याची असणं वेगळं, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकांचं आणि कवितांचंही तसंच आहे. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गालिबच्या नावानं असे शेर येतात, की ते वाचून खुद्द गालिबनं कपाळावर हात मारला असता. अब्दुल कलामांच्या नावावर तर आता सगळ्या जगाचं शहाणपण जमा झालं आहे.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. गॅदरिंगच्या दिवसांत मुलं कागदावर शेर लिहून आणतात आणि विचारतात, "टीचर, ये इक्बाल का ही है ना?" बऱ्याचदा तो इक्बालचा नसतो. पण इक्बालचा नाही, मग कुणाचा, असा प्रश्न पुढे कुणी विचारत नाही. नाव मोठं असलं की आपण निर्धास्त होतो.

हा पुढचा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेल्या एका बाईंविषयी आज लिहायचं आहे. होप एमिली ॲलन हे त्यांचं नाव. जन्म १८८३, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इथला, मृत्यू १९६०. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या धार्मिक साधनेच्या पुस्तकांचा अभ्यास त्यांनी केला. या विषयात काम करणाऱ्या कुणालाही आजदेखील त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि तरीही, आपण ज्याला 'ॲकॅडेमिक करिअर' म्हणतो, तसं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्या कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या नाहीत, त्यांनी पीएचडी पूर्ण केली नाही. त्यांच्या दारावर पाटी नव्हती आणि हाताखाली विद्यार्थी नव्हते.

आधी विषय थोडा समजून घेऊ. त्या काळात इंग्लंडमध्ये धर्माची भाषा लॅटिन होती. पाद्री, मठातले विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. पण ज्यांना लॅटिन येत नव्हतं, त्यांनी काय वाचायचं? यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. काही बायका तर चर्चच्या भिंतीला लागून बांधलेल्या कोठडीत स्वतःला कायमचं बंद करून घेत. आपल्याकडे चिल्ल्याला बसणारा माणूस चाळीस दिवसांनी बाहेर येतो. या बायका मरेपर्यंत आतच राहत, खिडकीतून अन्न घेत, इबादत करत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी साध्या इंग्रजीत पुस्तकं लिहिली जाऊ लागली : प्रार्थना कशी करावी, मन कसं आवरावं, येशूच्या यातनांचं ध्यान कसं करावं. रिचर्ड रोल, वॉल्टर हिल्टन, नॉर्विचची ज्युलियन ही त्यातली मोठी नावं.

मग १५३६ ते १५४० या चार वर्षांत राजा आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले मठ बंद केले. मठांबरोबर त्यांची ग्रंथालयंही मोडली. हस्तलिखितं कुठे कुठे पांगली, पुष्कळशी नष्ट झाली. जी उरली त्यांतल्या अनेकांवर लेखकाचं नावच नव्हतं. आणि जिथे नाव नसतं, तिथे लोक मोठं नाव चिकटवतात.

या साहित्यात असं सर्वांत मोठं नाव होतं रिचर्ड रोलचं. यॉर्कशायरमधला हा साधू. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून एकांतात गेला आणि १३४९ मध्ये वारला. ईश्वराच्या प्रेमात आपल्याला उब, गोडी आणि गाणं जाणवतं, असं तो सांगे. मार्गारेट कर्कबी नावाच्या एकांतवासिनीसाठी त्यानं इंग्रजीत लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर त्याची कीर्ती इतकी वाढली, की साधनेवरचं कुणाचंही लेखन त्याच्या खात्यावर जमा होऊ लागलं. 'प्रिक ऑफ कॉन्शन्स' नावाचं एक लांबलचक धार्मिक काव्य आहे. त्याच्या शंभराहून जास्त हस्तप्रती आजही शिल्लक आहेत, म्हणजे त्या काळात ते किती वाचलं जात असेल बघा. तेही रोलचंच, असं सगळे मानून चालले होते.

होप ॲलन यांनी १९१० मध्ये पहिला मोठा निबंध लिहिला तो याच काव्यावर. हे रोलचं नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. वय सव्वीस-सत्तावीस. शिक्षण ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात, मग रॅडक्लिफमध्ये, आणि त्यानंतर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात. तेव्हाचं केंब्रिज बायकांना वर्गात बसू देत असे, पण पदवी देत नसे. तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. पदव्यांच्या अशा जगात होप ॲलन यांनी हस्तलिखितांचा रस्ता धरला.

पुढची सतरा वर्षं त्यांनी काय केलं, हे एका वाक्यात सांगता येतं आणि तरी ते नीट कळत नाही. रोलच्या नावावर असलेलं प्रत्येक लेखन, जिथे जिथे त्याची हस्तप्रत आहे तिथून शोधून, त्यांनी तपासलं. इंग्लंडची ग्रंथालयं तर झालीच, पण रोलचं लॅटिन लेखन युरोपातल्या मठांतही पोचलं होतं, त्याचाही माग काढला. ही प्रत कुणी लिहिली, कुणाच्या ताब्यात होती, रोलचं नाव मूळ हातानं लिहिलंय की नंतर कुणी घातलंय, भाषा त्याची वाटते का, त्याच्या खात्रीच्या लेखनाशी विचार जुळतात का. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात 'रावी' तपासतात. कुणी सांगितलं, त्यानं कुणाकडून ऐकलं, तो माणूस भरवशाचा होता का. साखळीतली एक कडी कच्ची निघाली तर गोष्ट कितीही सुंदर असो, ती कमजोर ठरते. काम जवळजवळ तसंच होतं.

१९२७ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, पाचशेहून जास्त पानांचा. त्याच्या नावातच त्यांनी सावध शब्द वापरला आहे. 'रोलचं लेखन' असं नाव त्यांनी दिलं नाही. 'रोलच्या नावावर असलेलं लेखन' असं दिलं. म्हणजे आपला 'मन्सूब'च. त्यात काही गोष्टी रोलच्या पक्क्या ठरल्या, काही त्याच्या नावावरून खाली उतरल्या. या ग्रंथाला १९२९ मध्ये ब्रिटिश अकादमीचं रोझ मेरी क्रॉशे पारितोषिक मिळालं. १९३१ मध्ये त्यांनी रोलच्या इंग्रजी लेखनाची आवृत्ती काढली.

एखाद्या संताच्या नावावरून पुस्तक काढून घेणं हे वरवर पाहता रुक्ष, किंबहुना निर्दयी काम वाटतं. श्रद्धाळू माणसाला वाटेल, बाई, तुमचं काय जातं? राहू द्या की त्याच्या नावावर. पण आपल्या दख्खनचंच उदाहरण घ्या. 'मेराजुल आशिकीन' ही दख्खनी पुस्तिका गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांची, आणि म्हणून उर्दू गद्यातलं पहिलं पुस्तक, असं किती तरी वर्षं शिकवलं गेलं. ख्वाजासाहेबांचा विसाल १४२२ चा. नंतर संशोधकांनी दाखवून दिलं, की हे लेखन त्यांच्या काळाचं नाही, बऱ्याच नंतरच्या दुसऱ्या सूफीचं आहे. यानं ख्वाजासाहेबांची बुजुर्गी तसूभरही कमी झाली नाही. पण ज्या माणसानं ते खरोखर लिहिलं होतं, त्याला त्याची जागा मिळाली. मोठ्या नावावरून एक पुस्तक खाली उतरतं, तेव्हा कुठे तरी एक लहान माणूस उभा राहतो. होप ॲलन यांच्या कामाचा अर्थ मला तिथे लागतो.

असाच एक माणूस, खरं तर एक बाई, १९३४ मध्ये त्यांच्यासमोर उभी राहिली.

तोपर्यंत मार्जरी केम्प हे नाव फक्त एका सात पानांच्या पुस्तिकेमुळे माहीत होतं. ती साधारण १५०१ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकानं छापली होती. १५२१ मध्ये हेन्री पेपवेलनं ती पुन्हा छापली आणि मार्जरीला कोठडीत राहणारी एकांतवासिनी म्हटलं. पुस्तिकेत शांत, गोड उपदेश होता. वाचणाऱ्याला वाटे, कुणी तरी मवाळ, मौनी साध्वी असणार.

बटलर-बोडन या जुन्या कॅथलिक घराण्यात एक हस्तलिखित पडून होतं. पिंगपाँगच्या बॅटी की चेंडू शोधताना कपाटातून जुनी बाडं बाहेर पडली आणि त्यात ते सापडलं, असं त्या घराण्याच्या आठवणीत सांगतात. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तपासायला आलं. जाणकार म्हणून होप ॲलन यांना ते दाखवलं गेलं आणि त्यांनी ओळखलं : हे मार्जरी केम्पचं हरवलेलं संपूर्ण पुस्तक आहे. २७ डिसेंबर १९३४ च्या 'द टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. चारशे वर्षांनी ती बाई पुन्हा बोलू लागली.

आणि ती मुळीच मौनी नव्हती! लिन या बंदरगावच्या प्रतिष्ठित घरातली लेक. चौदा मुलांची आई. दारू गाळायचा धंदा केला तो बुडाला, घोड्यांवर चालणारी पिठाची गिरणी काढली तीही बसली. त्यानंतर तिनं ईश्वराची वाट धरली. नवऱ्याला बजावलं, की आता आपण ब्रह्मचर्यानं राहू, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर त्याला कबूल करवलं. जेरुसलेमची यात्रा केली, रोमला गेली, स्पेनमध्ये सांतियागोला गेली. येशूच्या यातना आठवल्या की भर चर्चमध्ये मोठमोठ्यानं रडायची, किंचाळायची. बरोबरचे यात्रेकरू वैतागून तिला टाकून पुढे जात. पाखंडी म्हणून तिला पकडलं, यॉर्कच्या आर्चबिशपपुढे उभं केलं. लोक तिला सांगत, भटकणं सोड, इतर बायकांसारखी घरी बसून सूत कात. ती कुणाचं ऐकत नसे. पुढे तिचा म्हातारा नवरा जिन्यावरून पडला, तेव्हा मात्र घरी येऊन त्याचं सगळं केलं.

तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. तिनं सांगितलं आणि दुसऱ्यांनी लिहून घेतलं. पहिल्या माणसाचं अक्षर आणि भाषा इतकी विचित्र होती, की ती कुणाला वाचता येईना. मग एका पाद्र्यानं १४३६ मध्ये ते पुन्हा नीट लिहायला घेतलं. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून आज या पुस्तकाकडे बोट दाखवतात. छापणाऱ्यांनी तिचं रडणं, भांडणं, प्रवास सगळं छाटून टाकलं होतं आणि सात पानांची एक सोज्वळ बाई शिल्लक ठेवली होती. खरी बाई एका प्रतीत जिवंत राहिली. तीही यॉर्कशायरमधल्या माउंट ग्रेस मठातल्या भिक्षूंनी ती जपून वाचली म्हणून. समासात त्यांच्या लाल शाईतल्या खुणा आहेत.

शोध तर लागला, पण पुढचा प्रवास सुखाचा झाला नाही. अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटीसाठी या पुस्तकाची आवृत्ती करायची ठरली. भाषेच्या बाजूसाठी सॅनफर्ड ब्राउन मीच हे मिशिगनचे तरुण अभ्यासक कामात आले. दोघांत ताण वाढत गेला. १९४० मध्ये आवृत्ती निघाली तेव्हा संपादक म्हणून मीच यांचं नाव होतं. प्रस्तावना आणि शब्दकोश त्यांचा. होप ॲलन यांच्याकडे एक प्रास्ताविक टिपण आणि टिपांमधला वाटा आला. दुसऱ्यांच्या लेखनावर योग्य नाव घालण्यात जिनं आयुष्य घालवलं, तिचं स्वतःचं नाव मुखपृष्ठाच्या पानावर असं दुसऱ्या ओळीत गेलं.

त्यांचा भरवसा दुसऱ्या खंडावर होता. मार्जरीचं पुस्तक आलं तेव्हा पुष्कळ वाचकांची निराशा झाली होती. ज्युलियनसारखी गंभीर साध्वी मिळेल असं वाटलं होतं, ही तर रडकी, हिस्टेरिया झालेली बाई निघाली, असा सूर होता. होप ॲलन यांचं म्हणणं वेगळं होतं. मार्जरीला एकटं पाहू नका, तिला युरोपातल्या बायकांच्या ओळीत बसवून पाहा, असं त्या सांगत होत्या : स्वीडनची ब्रिजिट, प्रशियाची डोरोथिया. या बायकाही लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, आणि ईश्वरासाठी घराबाहेर पडलेल्या. मार्जरीची सूनच मुळी डान्झिगची होती, डोरोथियाच्या मुलखातली. मार्जरी स्वतः तिथे जाऊन आली होती. म्हणजे तिचं रडणं हा वेडाचा झटका नव्हता. त्यामागे बायकांची एक परंपरा होती आणि ती तिच्यापर्यंत पोचायला खरी वाटही होती. हे सगळं दुसऱ्या खंडात मांडायचं होतं.

तो खंड कधीच आला नाही. वीस वर्षं त्या त्यावर काम करत राहिल्या. एक टीप लिहायला घ्यावी तर ती दहा पुस्तकांत घेऊन जायची. मधल्या काळात महायुद्ध झालं, तब्येत ढासळली. १९४६ मध्ये स्मिथ कॉलेजनं मानद डॉक्टरेट दिली. ओनायडात राहून त्यांनी तिथल्या मूळनिवासी ओनायडा स्त्रियांकडून ऐकलेल्या कथाही टिपून ठेवल्या. त्या गेल्या तेव्हा मागे राहिले कागदांचे ढीग. ते आता ब्रिन मॉर कॉलेजात जपलेले आहेत. पुढे १९८० नंतर स्त्रियांच्या लेखनाकडे नव्यानं पाहिलं जाऊ लागलं आणि मार्जरी केम्प इंग्रजीच्या अभ्यासक्रमात गेली, तेव्हा अभ्यासक ज्या दिशेनं निघाले ती होप ॲलन यांनी आधीच दाखवलेली होती.

त्यांच्या आयुष्याचं गोडवे गाऊन चित्र रंगवायची माझी इच्छा नाही. घरची थोडी मिळकत होती म्हणून पगाराशिवाय त्यांचं निभावलं. त्यांचे आईवडील ज्या ओनायडा समाजात राहत, तिथे मालमत्ता सामाईक होती. १८८१ मध्ये तो समाज मोडून त्याची कंपनी झाली, पुढे ती चमचे-काट्यांसाठी नावाजली. ज्याला महिन्याच्या एक तारखेची वाट बघावी लागते, त्याला हे जमणार नाही. आणि पद नसण्याची किंमत त्यांनीही मोजलीच. विद्यापीठाचं पाठबळ असतं, एखादा सहायक असता, 'आता पुरे, छापायला द्या' म्हणणारं हक्काचं माणूस असतं, तर कदाचित दुसरा खंड आला असता.

तरी मला त्यांचं हे आयुष्य जवळचं वाटतं, त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या नानीची एक बयाज माझ्याकडे आहे. बयाज म्हणजे आवडलेलं काही उतरून ठेवायची वही. तिच्यात नात आहेत, मुनाजात आहेत, लोऱ्या आहेत आणि जात्यावर म्हणायची काही दख्खनी गीतं आहेत, अल्लाहचं आणि पिराचं नाव घेत दळण दळायची. नानीला कुराण वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. तिच्या पिढीत पुष्कळ मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. म्हणून ती सांगायची आणि तिचा भाऊ लिहायचा. त्याला जे शब्द गावंढळ वाटले, तिथे त्यानं शुद्ध उर्दू घातली आहे, हे वाचताना जागोजागी कळतं. बऱ्याच गीतांखाली एखाद्या बुजुर्गाचं नाव आहे. ती त्यांचीच आहेत का? की दळणाऱ्या कुणा बाईनं रचून, अदब म्हणून, शेवटी त्यांचं नाव गुंफलं?

बी.एड. आणि नंतर एम.ए. झाल्यावर मी हा विषय घेऊन पीएचडीसाठी एका मार्गदर्शकांकडे गेले होते. त्यांनी वही चाळली, चहा पाजला आणि म्हणाले, "ये तो औरतों के गीत हैं, इसमें तहकीक क्या करोगी? कोई बड़ा शायर ले लो." मी मोठा शायर घेतला नाही. पीएचडीही राहिली. सुट्टीत मी एकेक गीत उतरवते, शेजारच्या गावांतल्या वयस्क खालांकडून ऐकते, त्यांच्या आणि नानीच्या पाठात कुठे फरक आहे ते लिहिते. प्रत्येक गीतापुढे चार रकाने आहेत : कुणाकडून ऐकलं, तिनं कुणाकडून ऐकलं, कुणी लिहून घेतलं, कुणाच्या नावावर आहे. आतापर्यंत त्रेचाळीस गीतं झाली आहेत. यातून प्रमोशन मिळणार नाही. घरातले विचारतात, "किताब कब आएगी?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

होप ॲलन यांचं वाचल्यापासून या प्रश्नाचं ओझं मात्र कमी झालं आहे. त्यांचा एक खंड आला, एक राहिला. पण राहिलेल्या खंडाच्या टिपांवरसुद्धा कुणी तरी पुढचं काम करू शकलं.

तुमच्याही घरात ट्रंकेत, माळ्यावर, कुराणाच्या जुजदानाशेजारी किंवा देवघराच्या फळीवर अशी एखादी वही असेल. दादीची, आजीची, कुणा आत्याची. रद्दीत देऊ नका. आणि ती म्हणून दाखवणारं कुणी अजून हयात असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि फक्त एवढं विचारा, की हे तुम्ही कुणाकडून शिकलात. जे नाव सांगतील ते पेन्सिलीनं त्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.